एअर इनटेक: अठराशेचा, साडेपाच हजारांचा की पंचवीस हजारांचा?

खाडीपूल

मंडळी, नमस्कार. गाडी स्विफ्ट पेट्रोल, २०१५ची, ७२ हजार किलोमीटर. रोज चेंबूर ते लोअर परळ आणि परत, महिन्या-दीड महिन्यातून एकदा साताऱ्याला गावी. गाडीवर माझा जीव आहे, हे आधीच सांगतो.

पाच आठवड्यांपूर्वी ऑपेरा हाऊसच्या अ‍ॅक्सेसरीजच्या बाजारातून अठराशे रुपयांचा कोन फिल्टर घेतला, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारा, शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर. लाल जाळी, क्रोमचं तोंड, रबरी नळी आणि दोन क्लॅम्प. कंपनीचा एअर फिल्टरचा मूळ डबा काढून वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवला. दुकानदार म्हणाला होता की पॉवर पंधरा टक्के आणि अ‍ॅव्हरेज दोनने वाढेल.

आवाज मात्र सुरेख झालाय. तीन हजार आरपीएमच्या वर गाडी अशी श्वास घेते की गाणी बंद करून ऐकावंसं वाटतं. पण सायन सर्कलच्या सिग्नलला चार-पाच मिनिटं उभी राहिली की पुढचा अर्धा किलोमीटर मरगळल्यासारखी चालते. अ‍ॅव्हरेज होतं तेवढंच, साधारण साडेतेरा.

दुसरा दुकानदार म्हणतो, स्वस्तातलं घेतलंत तिथेच चुकलात. त्याच्याकडे दोन पर्याय आहेत. एक, मूळ डब्यातच बसणारा धुता येणारा कॉटन फिल्टर, साडेपाच हजार. दुसरा, इम्पोर्टेड पूर्ण किट, पाइप आणि हीट शील्डसकट (इंजिनाची उष्णता अडवणारा आडोसा) पंचवीस हजार. पैसे साठवून घेण्याची तयारी आहे, पण घेऊन पस्तावायचं नाही. कुणी वापरलंय का? महागातलं खरंच वेगळं असतं का?

रेडलाईन_ठाणे

वेगळं असतं. माझी टर्बो पेट्रोल आहे, म्हणजे हवा दाबून इंजिनात ढकलणारी, आणि रीमॅप केलेली, म्हणजे पॉवरसाठी इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदललेली, त्यावर महागडं किट तीन वर्षं आहे. सविस्तर रात्री लिहितो.

कुर्ला_फिटर

दादा, पॉवर-बिवर नंतर बघू. पहिलं एक काम करा. कोनच्या पुढची नळी सोडा आणि आत, म्हणजे थ्रॉटलच्या (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची पाकळी) बाजूला, पांढरं सुती फडकं बोटावर गुंडाळून फिरवा. मग फडक्यावर काय आलं ते अंगठा आणि बोटात चोळा. नुसता काळा तेलकट डाग असेल तर तो ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली तेलकट वाफ परत आत सोडणाऱ्या नळीचा, घाबरायचं कारण नाही. कचकच लागली तर ती रेती आहे, आणि ती फिल्टर पार करून आलीय. ती पिस्टन रिंगांत जाते. मी वीस वर्षं सीएसटी रोडला इंजिनं उघडतोय. धुळीने घासलेला सिलिंडर बघितला की माहीत नसलेला माणूस म्हणतो ऑइल खराब होतं. ऑइल बरोबर असतं, हवा खराब गेलेली असते.

स्वस्त कोनमध्ये दोन जागी घोळ असतो. एक म्हणजे जाळी: उजेडापुढे धरली की टाचणीएवढी भोकं दिसतात. दुसरी म्हणजे मान: रबर उन्हाने, गरमीने कडक होतं, क्लॅम्प कितीही आवळा, फट राहते. आता सगळीकडे मेट्रोचं आणि बिल्डिंगांचं खोदकाम चालू आहे, त्यात सिमेंटची पूड. फिल्टर जपून निवडा.

प्रवाहिनी

माझं काम एसी प्लांटच्या डक्टिंगचं. हवा कुठे अडते, किती अडते हे मोजणं हीच रोजची भाकरी. त्यामुळे या प्रश्नावर थोडं लांब लिहिते.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे हवा अकरा किलो. घनफळात सांगायचं तर सुमारे नऊ हजार लिटर. साडेतेराच्या अ‍ॅव्हरेजने दहा हजार किलोमीटर चालवलीत की इंजिनाने साठ लाख लिटरच्या वर मुंबईची हवा ओढलेली असते. कुर्ला_फिटर जे सांगतायत त्याचं महत्त्व इथे कळतं. एक फिल्टर ९९.५ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९८ टक्के, असं असेल तर कागदावर फरक दीड टक्क्याचा दिसतो. पण आत जाणारी धूळ अर्ध्या टक्क्यावरून दोन टक्क्यांवर जाते. चौपट.

आता पॉवर. शहरात चालवताना आपण अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबतो कधी? जवळजवळ कधीच नाही. अर्धवट दाबलेला असताना हवेला सगळ्यात मोठा अडथळा असतो तो थ्रॉटलच्या पाकळीचा, आणि तो अडथळा आपणच मुद्दाम घातलेला असतो. इंजिन नुसतं चालू ठेवून उभे राहिलात तर पाकळीच्या अलीकडे बाहेरच्या हवेइतका, १०० किलोपास्कलच्या आसपास दाब असतो आणि पलीकडे ३०-३५. त्या सत्तर किलोपास्कलच्या भिंतीपुढे फिल्टरचा अडथळा म्हणजे दारातली पायपुसणी. शिवाय ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल मोजूनच देतो. त्यामुळे फिल्टर बदलून अ‍ॅव्हरेज दोनने वाढणं शक्य नाही. दुकानदाराचं ते वाक्य सोडून द्या.

मरगळीचं कारण तापमान. हवा दर तीन अंशांनी साधारण एक टक्का विरळ होते. मूळ डब्याचं नाक रेडिएटरच्या वर, बॉनेटच्या पुढच्या कडेला असतं आणि बाहेरची हवा घेतं. तुमचा कोन इंजिनाच्या शेजारी बसून त्याचीच भट्टी ओढतो. हवा तापली की ठोका (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) टाळायला ईसीयू इग्निशनही मागे घेतो, ठिणगी उशिरा देतो, म्हणजे नुकसान दोन बाजूंनी.

पण माझ्या शब्दावर जाऊ नका, मोजा. दोनशे रुपयांत होतं. नागदेवी स्ट्रीटवरून बोटाएवढी पारदर्शक पीव्हीसी नळी आणा, तीनेक मीटर. मीटरभर उंच फळीवर ती इंग्रजी ‘यू’सारखी बांधा, मध्ये मोजपट्टी चिकटवा, निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक तोंड गाडीत उघडं, दुसरं फिल्टरनंतरच्या पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) लावून. फुल थ्रॉटलला दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीत जेवढे सेंटीमीटर फरक पडेल, तेवढा तुमचा इनटेक अडवतोय. वातावरणाचा सगळा दाब १०३३ सेंटीमीटर पाण्याइतका असतो. त्यामुळे दहा सेंटीमीटर म्हणजे ढोबळमानाने एक टक्का हवा.

नवीन_चालक

वाचनखूण साठवली. प्रवाहिनीताई, धन्यवाद.

परळकर

किट घेण्याआधी माझी गोष्ट वाचा. चार वर्षांपूर्वी मी कोल्ड एअर इनटेक बसवला होता, म्हणजे लांब पाइपने फिल्टर खाली बंपरच्या आत, चाकाच्या पुढे. तापमानाच्या दृष्टीने तो उत्तम, ताईंनी सांगितलेला सगळा प्रश्न त्याने सुटतो. पण जुलैत संध्याकाळी हिंदमाताला पाणी भरलं. माझ्या पुढची साधी टॅक्सी त्याच पाण्यातून निघून गेली. माझी गाडी मध्यावर एक दणका देऊन बंद पडली. मी पुन्हा चावी फिरवली, आणि ती सगळ्यात मोठी चूक.

गॅरेजमध्ये दाखवलेला कनेक्टिंग रॉड मी हातात धरलेला आहे. बोटाएवढ्या जाडीचं पोलाद, मधोमध धनुष्यासारखं वाकलेलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. अकरास एक कॉम्प्रेशनचं बाराशे सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन धरा. पिस्टन वर पोचल्यावर प्रत्येक सिलिंडरमध्ये उरलेली जागा फक्त तीस मिली. खोकल्याच्या औषधाची तीन टोपणं. तेवढं पाणी आत गेलं की रॉड वाकणारच.

विम्याने हात वर केले. साध्या पॉलिसीत इंजिनात पाणी जाऊन झालेलं नुकसान अपघातात धरत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची वेगळी पुरवणी लागते, आणि ती माझ्याकडे नव्हती. वरून मूळ इनटेक बदललेला. लाखाच्या वर गेले.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, तेव्हा कुणाचीच गाडी वाचली नाही, ते सोडा. पण मिलन सबवे, अंधेरी सबवे, किंग्ज सर्कल इथे दर पावसाळ्यात घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाणी येतंच. मुंबईत फिल्टर बंपरमध्ये नेऊ नका. कृपा करून नेऊ नका.

खाडीपूल

परळकर, वाचताना पोटात गोळा आला. कोल्ड एअरचा विषय माझ्यापुरता संपला.

फडक्याचं आजच केलं. कुर्ला_फिटर, तुम्ही म्हणालात तेच. करडा पट्टा आला आणि बोटात स्पष्ट कचकच. कोन मानेपासून हाताने हलतो, क्लॅम्प पूर्ण आवळलेला असूनही. पाच आठवडे हे आत जात होतं, या विचाराने झोप लागणार नाही. उद्या माळ्यावरचा डबा खाली काढतो. नळी आणि फळीचंही करतो, रविवारी मोजून सांगेन.

रेडलाईन_ठाणे

उशीर झाला, क्षमस्व. महागातलं वेगळं का असतं ते माझ्या अनुभवावरून.

पहिली गोष्ट, माझ्या गाडीत मॅफ सेन्सर आहे, म्हणजे गरम तारेवरून किती हवा गेली ते मोजणारा. ही तार ज्या नळीत बसते तिचा व्यास ईसीयूला पाठ असतो. आधी मीही एक स्वस्त पाइप लावला होता. मूळ नळी आतून साठ मिलिमीटर, ही बासष्ट. दोनच मिलिमीटर, पण क्षेत्रफळ जवळजवळ सात टक्क्यांनी वाढतं. तेवढीच हवा जास्त जागेतून सावकाश जाते आणि सेन्सर सात टक्के कमी हवा सांगतो. मिश्रण पातळ झालं, आठवड्यात चेक इंजिनचा दिवा लागला. महागड्या किटमध्ये ही नळी मूळ मापाला तासलेली असते. मी कॅलिपर लावून तपासली आहे.

दुसरी गोष्ट, चांगला उत्पादक आयएसओ ५०११ या चाचणीचे आकडे देतो: किती धूळ अडवली, किती धूळ पोटात मावली, अडथळा किती. दुकानात हे आकडे मागा. मिळाले नाहीत तर किंमत कितीही असो, उठा तिथून. तिसरी, हीट शील्ड बॉनेटला रबराच्या पट्टीने खरोखर टेकते. स्वस्तातलं शील्ड म्हणजे वाकवलेला पत्रा.

कॉटन फिल्टर घेणार असाल तर तेलाची काळजी घ्या. धुतल्यावर तो सावलीत आपोआप वाळू द्यायचा, ब्लोअर किंवा कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. पावसाळ्यात माझा दीड दिवस वाळत नव्हता. तेल बेतानेच लावायचं, जास्त झालं की उडून मॅफच्या तारेवर बसतं. स्विफ्टमध्ये मॅप सेन्सर आहे, तो दाब मोजतो, तिथे ही भीती कमी.

आणि टर्बोचं गणित वेगळं आहे हे नक्की लिहून ठेवा. रीमॅपनंतर हवा खूप जास्त लागते. अडथळा वाढला की टर्बोला तेवढंच बूस्ट द्यायला जास्त फिरावं लागतं. तापलेली हवा पुढे इंटरकूलर (टर्बोनंतर हवा थंड करणारा भाग) थोडी सावरून घेतो. माझे पैसे वसूल झाले. तुमच्या गाडीत होतील असं मी म्हणणार नाही.

साधा_प्रवासी

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत उत्पादकाच्या मूळ नोंदींपेक्षा वेगळा बदल चालत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. मूळ डब्यात मूळ मापाचा फिल्टर बदलला तर गाडीत काहीच बदललेलं नसतं. वॉरंटीतल्या गाडीवाल्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं.

खाडीपूल

मोजलं! लांब लिहितोय, पण आकडे सगळ्यांच्या उपयोगाचे आहेत.

रविवारी पहाटे साडेपाचला चुलतभाऊ त्याची स्विफ्ट घेऊन आला. तीही पेट्रोलचीच, डबा तोच, आणि त्यात साडेपाच हजारवाला कॉटन फिल्टर बसवलेला. त्यामुळे तोही माझ्या डब्यात घालून बघता आला. कळंबोलीच्या पुढे द्रुतगतीवर सपाट पट्टा, रस्ता मोकळा. दुसरा गिअर, दोन हजारांपासून पूर्ण दाबून साडेपाच हजार आरपीएमपर्यंत. भाऊ मागच्या सीटवर फळी मांडीत उभी धरून मोबाइलवर चित्रण करत होता. पाण्यात आईने दिलेला खायचा लाल रंग घातला होता. दाबताक्षणी लाल रेघ एका बाजूला सरसर चढते आणि पाय काढला की डुचमळत खाली येते. इंजिन श्वास घेताना डोळ्यांनी दिसतं. प्रत्येकी तीन फेऱ्या, सरासरी अशी:

माळ्यावरच्या डब्यातला जुना कागदी फिल्टर, अठरा हजार किलोमीटर चाललेला: १९ सेंटीमीटर.
नवा कागदी फिल्टर, कंपनीचाच: ११.
भावाचा कॉटन: ९.
अठराशेचा कोन: ६. (ही आणि खालची तापमानाची चाचणी होईपर्यंतच लावला, लगेच काढला.)

प्रवाहिनीताईंच्या हिशोबाने नव्या कागदी फिल्टरऐवजी कोन लावून मला मिळाले पाच सेंटीमीटर, म्हणजे अर्धा टक्का. चौऱ्याऐंशी घोड्यांत अर्ध्या घोड्याहूनही कमी. आणि जुना कागद टाकून नवा कागद घातल्याने मिळाले आठ सेंटीमीटर, तेही साडेतीनशे रुपयांत. म्हणजे कोन लावला त्या दिवशी मला जो फरक जाणवला, त्यातला बराचसा माझा जुना फिल्टर तुंबला होता म्हणून जाणवला. उरलेला आवाजाने.

आता तापमान, ओबीडीच्या डोंगलवरून (गाडीच्या संगणकातले आकडे मोबाइलवर दाखवणारं उपकरण), आत जाणाऱ्या हवेचं. बाहेर ३१ अंश होतं. परत येताना वाशीच्या टोलनंतर एका बाजूला पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून थांबलो. डबा लावून: चालताना ३६, उभी असताना ४४. कोन लावून: चालताना ४२, उभी असताना ६१. उभ्या गाडीत सतरा अंशांचा फरक, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त हवा गेली. मिळवला अर्धा टक्का, घालवले पाच. सायनच्या सिग्नलची मरगळ ती हीच.

आणखी एक सापडलं. माळ्यावरचा डबा बसवताना दिसलं की त्याच्या चार क्लिपांपैकी मागची एक तुटलेली आहे आणि झाकण तिथे दोन मिलिमीटर वर राहतं. मागच्या सर्व्हिसला कुणीतरी जोर लावून तोडली असणार, मला कधी सांगितलं नाही. म्हणजे कोन लावण्याआधीही धूळ आत जातच होती. नवी क्लिप मिळाली नाही, तूर्तास स्टीलचा छोटा क्लॅम्प लावलाय.

कुर्ला_फिटर

क्लॅम्प आज चालेल, कायमचा नको, झाकण वाकतं. सीएसटी रोडला जुन्या गाडीचा अख्खा डबा मिळतो, क्लिपा आणि रबरी गॅस्केट बघून घ्या. गॅस्केट दाबून बघायचं, परत वर आलं तर चांगलं. आणि पाचशे किलोमीटरनंतर फडकं परत फिरवा.

प्रवाहिनी

आकडे बघून फार आनंद झाला. इतक्या नीट मोजणारे आमच्या क्षेत्रातही कमी. कॉटनचा फायदा दोन सेंटीमीटर, म्हणजे ०.२ टक्का. त्यासाठी साडेपाच हजार द्यायचे की नाही हा धुऊन परत वापरण्याचा हिशोब आहे, पॉवरचा नाही. कागदी साडेतीनशेला आणि दर दहा हजारांना बदलला, तर कॉटनची किंमत भरून यायला दीड लाख किलोमीटरच्या वर चालवावं लागेल. तेल आणि क्लीनरचा खर्च धरलाच नाही.

रेडलाईन_ठाणे

पंचवीस हजारांचं किट या गाडीला नको, हे आता मीही म्हणतो. त्या पैशांत चांगले टायर येतील, घाटात त्यांचा फरक पहिल्या वळणाला कळेल.

पण आवाजाबद्दल एक शब्द. खाडीपूल, तुम्हाला आवाज आवडला होता, त्यात कमीपणा वाटू देऊ नका. मूळ डब्याच्या पाइपला बाजूला जो बंद डबीसारखा भाग असतो तो रेझोनेटर, आवाज गिळण्यासाठीच ठेवलेला. मी ज्या किटला पैसे दिले त्यातला काही भाग आवाजाचाच होता आणि मी तो आनंदाने दिला.

खाडीपूल

आवाजाची आठवण येते, खरंच येते. साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढणीला तर नक्की येईल. पण ती कचकच बोटाला लागलेली विसरता येत नाही.

तूर्तास नवा कागदी फिल्टर, शनिवारी कुर्ल्याला डबा बघायला जातोय. पावसाळ्याआधी विम्याला इंजिन प्रोटेक्शन जोडणार, परळकरांमुळे.

रेडलाईन_ठाणे

फळी आणि नळी टाकून देऊ नका. पुढच्या रविवारी तुमच्यासोबत कळंबोलीला येऊ का? माझं किट आणि कंपनीचा डबा दोन्ही मोजायचे आहेत. तीन वर्षं नुसता विश्वासावर चालवतोय.

खाडीपूल

जरूर या, पहाटे साडेपाच, मैत्री पार्कच्या बसथांब्यापाशी. तुमची टर्बो जास्त ओढेल आणि पाणी थेट आत जाईल, म्हणून नळी पाच मीटर आणि फळी दुप्पट उंच करून ठेवतो. गाडीत उभी मावणार नाही, तिरकी धरू आणि उंची उभ्या रेषेत मोजू. येताना ब्रीदरच्या मापाचा टी तेवढा घेऊन या.